ग्रामरच्या रूलमधून टोकन स्ट्रीममध्ये टेक्स्ट घालताना

नोकरीत पहिलं मोठं काम मिळालं ते असं, की जुन्या कोडमधल्या प्रत्येक फंक्शनच्या सुरुवातीला लॉगची एक ओळ घालायची आणि बाकी सगळं, कमेंट, स्पेस, रिकाम्या ओळी, जसंच्या तसं ठेवायचं. अँटलरचं (भाषेचे नियम, म्हणजे ग्रामर, दिलं की त्यावरून कोड वाचणारा पार्सर बनवून देणारं टूल) ग्रामर तयार होतं म्हणून मी रूलच्या अ‍ॅक्शनमध्येच, म्हणजे ग्रामरमधल्या नियमासोबत लिहिलेल्या कोडमध्ये, नवीन टोकन (कोडमधला एक सुटा शब्द किंवा चिन्ह) बनवून थेट टोकनच्या लिस्टमध्ये, म्हणजे टोकन स्ट्रीममध्ये, घुसवलं. पण पार्सर त्याच लिस्टवरून पुढे जात असतो ना, तो माझ्याच टोकनवर येऊन सिंटॅक्स एरर द्यायला लागला, शिवाय पुढचे सगळे इंडेक्स एकाने सरकले ते वेगळंच. दोन दिवस गेले त्यात.

अँटलर ४ मध्ये यासाठी टोकनस्ट्रीमरीरायटर आहे, ३ मध्ये त्याच कामाला टोकनरीराइटस्ट्रीम होता. तुम्ही इन्सर्टबिफोर, इन्सर्टआफ्टर, रिप्लेस, डिलीट काहीही म्हणा, मूळ स्ट्रीमला हात लागत नाही, फक्त काय कुठे करायचं याची नोंद होते आणि रीरायटरवर गेटटेक्स्ट बोलावलं की मगच नवा टेक्स्ट तयार होतो. हे डोक्यात पक्कं बसवा, कारण इन्सर्ट करून टोकन स्ट्रीमचंच गेटटेक्स्ट छापलं तर जुनाच कोड दिसतो आणि आपल्याला वाटतं इन्सर्ट चाललंच नाही.

त्याहून जास्त छळलं ते व्हाइटस्पेसने. लेक्सरमध्ये (मजकुराचे टोकन पाडणारा भाग) स्पेस आणि कमेंटला स्किप लिहिलेलं होतं, स्किप म्हणजे ते टोकन स्ट्रीममध्ये येतच नाही, मग आउटपुटमध्ये सगळे शब्द एकमेकांना चिकटून. स्किप काढून हिडन चॅनलला पाठवा, पार्सरला ते दिसत नाहीत पण रीरायटरला मिळतात. पार्सरने बनवलेल्या ट्रीमधल्या नोडचं गेटटेक्स्टसुद्धा हिडन टोकन गाळतं, त्यामुळे एखाद्या नोडचा मूळ मजकूर हवा असेल तर स्ट्रीमलाच तो नोड देऊन मागा.

अ‍ॅक्शन की लिसनर? मी आता लिसनरच वापरते (ट्रीवर फिरताना प्रत्येक रूलमध्ये शिरताना आणि बाहेर पडताना ज्याच्या मेथड बोलावल्या जातात तो वेगळा क्लास), ग्रामरमध्ये जावा मिसळलं की तेच ग्रामर पायथनसाठी चालत नाही. पूर्ण पार्स होऊ द्या, मग ट्री वॉक करा आणि उघडत्या कंसाच्या टोकननंतर इन्सर्टआफ्टर करा. पार्स चालू असतानाच लिसनर लावला तर एंटर मेथडमध्ये रूलचं शेवटचं टोकन अजून ठरलेलं नसतं, तिथे स्टॉप (म्हणजे तेच शेवटचं टोकन) वापरायला जाऊ नका.

आणि एकाच टोकनवर दोनदा इन्सर्टबिफोर केलं तर नंतरचा टेक्स्ट आधी येतो. इम्पोर्टच्या ओळी घालताना मला हे कळलं, सगळ्या उलट्या क्रमाने आल्या होत्या, तेव्हापासून मी एका जागेचा सगळा मजकूर आधी एका स्ट्रिंगमध्ये जोडते आणि एकदाच घालते.