स्काउटरांचा स्नेहसंघ कसा उभारावा : गिलवेलचा वारसा आणि आपला तालुका

स्काउट-गाईड चळवळीत मुलामुलींची पथके चालवणारे प्रौढ नेते, म्हणजे स्काउट मास्टर, गाईड कॅप्टन आणि लहान मुलामुलींच्या पथकांचे कबमास्टर व फ्लॉक लीडर, यांचा स्नेहसंघ तालुक्यात सुरू करण्याची इच्छा अनेकांच्या मनात असते, परंतु बहुतेक ठिकाणी काम पदाधिकारी निवडण्यापासून सुरू होते आणि तेथेच थांबते. प्रौढ नेत्यांचे जे बंधुत्व शंभराहून अधिक वर्षे टिकले आहे, त्याचा आरंभ मात्र एका शिबिरातून झाला. म्हणून प्रथम तो इतिहास नीट समजून घ्यावा.

लंडनजवळ, एपिंगच्या जंगलालगत असलेली गिलवेल पार्क ही मोडकळीस आलेली मालमत्ता स्कॉटलंडमधील स्काउट आयुक्त विल्यम मॅक्लॅरन यांनी 1919 मध्ये 7,000 पौंड देऊन स्काउट संघटनेसाठी विकत घेतली. लंडनच्या पूर्व भागातील गरीब मुलांना तंबू ठोकण्यासाठी मोकळी जागा मिळावी, हा त्यांचा हेतू होता. स्काउट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी त्यास प्रौढ नेत्यांच्या प्रशिक्षणाची जोड दिली. 8 सप्टेंबर 1919 रोजी तेथे पहिला वुड बॅज अभ्यासक्रम, म्हणजे प्रौढ स्काउट नेत्यांचा प्रशिक्षणक्रम, सुरू झाला. ज्यांना मुलांचे नेतृत्व करावयाचे होते त्यांनी स्वतः मुलांप्रमाणे टोळ्यांत विभागून राहावे, आपला स्वयंपाक आपणच करावा आणि रात्री एकाच शेकोटीभोवती बसावे, ही त्या प्रशिक्षणाची पद्धत होती, आणि माझ्या मते पुढच्या साऱ्या स्नेहाचे मूळ तिच्यातच आहे. अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्यांना झुलू राजा दिनुझुलू याच्या माळेतील लाकडी मण्यांवरून घेतलेले दोन मणी देण्यात येऊ लागले. गळ्यातील स्कार्फवर मॅक्लॅरन घराण्याच्या चौकटीच्या कापडाचा तुकडा शिवला जाऊ लागला, जेणेकरून दात्याचे स्मरण प्रत्येकाच्या अंगावर राहावे. मणी मिळालेले सर्वजण ‘फर्स्ट गिलवेल पार्क’ या एकाच पथकाचे सदस्य मानले जाऊ लागले आणि दर वर्षी सप्टेंबरमध्ये गिलवेलला परत भेटण्याची प्रथा पडली. 1929 मध्ये उमराव पद मिळाले तेव्हा बेडन-पॉवेल यांनी आपल्या नावापुढे ‘ऑफ गिलवेल’ असे जोडून घेतले, यावरून त्यांना त्या स्थानाविषयी किती जिव्हाळा होता हे दिसते. गिलवेलचे दुसरे शिबिरप्रमुख जे. एस. विल्सन हे पूर्वी कोलकात्याच्या पोलीस दलात अधिकारी होते, म्हणजे या परंपरेला घडवणाऱ्या माणसाचा आपल्या देशाशी थेट संबंध होता.

तेव्हा पहिली पायरी अशी की सभा बोलावू नये, शिबिर भरवावे. त्याआधी तालुक्यातील कोणत्या शाळेत कोणी बेसिक, ॲडव्हान्स किंवा हिमालय वुड बॅज हे प्रशिक्षणाचे टप्पे पूर्ण केले आहेत, कोण सहायक लीडर ट्रेनर किंवा लीडर ट्रेनर, म्हणजे नेत्यांना प्रशिक्षण देणारा, आहे, आणि कोण निवृत्त झाले आहे, याची नोंदवही जिल्हा संघटकांच्या मदतीने तयार करावी. निवृत्तांना वगळू नये; जुन्या शिबिरांच्या आठवणी आणि दोरीच्या गाठी ज्यांच्या बोटांत आजही जिवंत आहेत ती माणसे हीच आहेत. पुढे एका शनिवारी दुपारी जमून रविवारी दुपारी निरोप घेता येईल अशा बेताने एका शाळेच्या मैदानावर मुक्काम ठेवावा. आलेल्यांच्या टोळ्या करताना एकाच शाळेचे शिक्षक एकत्र येणार नाहीत, मुख्याध्यापक आणि नवे सहशिक्षक एकाच चुलीवर भाकरी भाजतील, याची काळजी घ्यावी. सर्वधर्म प्रार्थना, ध्वजारोहण आणि शेकोटी एवढाच कार्यक्रम ठेवला तरी चालेल. भाषणे ठेवूच नयेत.

दुसरी गोष्ट तारखेची. भेटीचा दिवस दर वर्षी नव्याने ठरवावा लागला की दोन वर्षांत भेट बंद पडते, म्हणून ती एखाद्या ठरलेल्या दिवसाशी बांधून घ्यावी. 22 फेब्रुवारीचा, स्काउट-गाईड जगभर पाळतात तो चिंतन दिन किंवा 7 नोव्हेंबरचा भारत स्काउट्स आणि गाईड्सचा स्थापना दिन यांच्या लगतचा रविवार सोयीचा पडतो. परीक्षा आणि निवडणुकीची कामे लक्षात घेतल्यास नोव्हेंबर मला अधिक बरा वाटतो.

खुणेच्या बाबतीत संयम हवा. वुड बॅजचे मणी आणि गिलवेल स्कार्फ हे प्रशिक्षण पूर्ण केलेल्यांनाच परिधान करता येतात. स्नेहसंघाच्या नावाखाली ते इतरांना देऊ नयेत. संघासाठी वेगळी, साधी खूण ठरवावी आणि तिला जिल्हा संघटनेची संमती घ्यावी.

सर्वांत महत्त्वाचे काम नव्या नेत्यांना आधार देण्याचे आहे. एखाद्या शाळेतील उत्साही स्काउट मास्टरची बदली होते आणि पथक वर्षभरात विस्कळीत होते, हे मी वारंवार पाहिले आहे. स्नेहसंघाने प्रत्येक नव्या नेत्याला जवळच्या गावातील एक अनुभवी सोबती नेमून द्यावा, त्या सोबत्याने पहिल्या वर्षात किमान एकदा पथकाच्या हाईकला प्रत्यक्ष जावे, आणि बदली होऊन जाणाऱ्याने पथकाची नोंदवही, तंबू व दोरखंड सोबत्याच्या साक्षीने सुपूर्द करावेत. गाईड कॅप्टन भगिनींच्या घरी परतण्याच्या वेळा आणि मुक्कामाची व्यवस्था आरंभीच त्यांच्याशी बोलून ठरवावी, कारण ती गृहीत धरली की त्या येणे थांबवतात. पुण्यात 1966 पासून ‘संगम’ हे गाईड चळवळीचे जागतिक केंद्र आहे. तेथे एकदा एकत्रित भेट दिल्यास आपण केवढ्या मोठ्या कुटुंबाचे आहोत हे नव्यांना प्रत्यक्ष दिसते.

जे आता पथक चालवत नाहीत त्यांच्यासाठीही वाट आहे. 1953 मध्ये स्वित्झर्लंडमधील ल्यूसर्न येथे माजी स्काउट-गाईड यांची आंतरराष्ट्रीय फेलोशिप स्थापन झाली. 1996 मध्ये ती ‘इंटरनॅशनल स्काउट अँड गाईड फेलोशिप’ या नावाने ओळखली जाऊ लागली आणि 25 ऑक्टोबर हा तिचा दिवस पाळला जातो. तालुक्यातील निवृत्तांनी त्या दिवशी एखाद्या शाळेच्या पथकासाठी अर्धा दिवस श्रमदान करावे. वर्गणी अल्प ठेवावी, हिशेब शेकोटीपूर्वी सर्वांसमोर वाचावा, आणि उरलेल्या पैशांतून पुढच्या शिबिरासाठी एक मोठे पातेले घ्यावे.