सिंबिडियमची निसवण: पानं भरपूर, फूल का नाही?

पानांचा झुपका दणदणीत आणि फुलाचा दांडा एकही नाही, ही जळगाव-भुसावळकडे सिंबिडियम हे ऑर्किड ठेवणाऱ्यांची नेहमीची तक्रार. कुंडी फुलासकट विकत आणलेली असते, दुसऱ्या वर्षी नुसतं गवत वाढल्यासारखी दिसते. खोट रोपात नसते. ते वर्षभरात काय करतं हे कळलं की अडचण सापडते, आणि केळीच्या मुलखात हे समजायला अवघड नाही.

केळीचं खोड एकदाच निसवतं, म्हणजे घड बाहेर टाकतं; पुढचं पीक बुडातून फुटलेल्या पिलावर येतं. इथंही पानांच्या बुडाशी असलेला फुगीर बल्ब साधारणपणे एकदाच फुलतो. पुढचं फूल त्याच्या बुडातून निघालेल्या नव्या कोंबावर. घड उतरला की केळीचं खोड कापतात, सिंबिडियमचा जुना बल्ब मात्र राखायचा. पानं झडून बोडका झाला तरी त्यात पाणी आणि अन्न साठलेलं असतं आणि ते नव्या कोंबाच्या कामी येतं. टणक आहे तोवर हात लावू नका. दाबल्यावर बोट आत गेलं तर तो सडलाय, काढून टाका.

फुलं संपली की फेब्रुवारी-मार्चमध्ये कोंब फुटतात. मग एप्रिल-मे येतो. पारा ४४-४५ अंशांवर गेला की वाढ जवळपास थांबते; या दिवसांत फक्त रोप जगवायचं. ७५ टक्क्यांची शेडनेट, सकाळ-संध्याकाळ जमिनीवर पाणी शिंपणं, आणि पानाच्या मागच्या बाजूला रुपेरी ठिपके दिसतात का ते बघणं. तसे दिसले तर लाल कोळी ही कीड आहे; पानं खालून पाण्याच्या फवाऱ्याने धुवा. खरी वाढ पावसाळ्यात. तेव्हा ५० टक्के सावली पुरे. पानाचा रंग पोपटी असावा. गर्द हिरवं पान छान दिसतं, पण ते उजेड कमी पडल्याचं लक्षण आहे आणि अशी रोपं फुलत नाहीत.

जून ते ऑगस्ट १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत लिटरला १ ग्रॅम, आठवड्यातून एकदा. सप्टेंबरपासून नत्र आवरा, नत्र नसलेलं ०:५२:३४ त्याच मापाने द्या. ड्रिपसाठी आणलेलं खत चालतं, माप मात्र केळीचं नको. बोअरच्या पाण्यात क्षार जास्त असतील तर पानांची टोकं काळी पडतात. पत्र्यावरचं पावसाचं पाणी साठवा, निदान महिन्यातून एकदा ते कुंडीतून भरपूर वाहू द्या.

आता मुख्य मुद्दा. मोठ्या फुलांच्या संकरित जातींचे पूर्वज हिमालयाकडचे. बल्ब भरत आला की त्यांना १० ते १५ अंशांच्या रात्री लागतात, दिवसा-रात्रीत ८-१० अंशांचा फरक लागतो. आपल्याकडे बल्ब भरतो तेव्हा ऑक्टोबर हीट चालू असते. थंडी पडते, पण उशिरा; मग दांडा आलाच तर उशिरा येतो आणि फेब्रुवारी-अखेरच्या उन्हात कळ्या पिवळ्या होऊन गळतात. कुंडीत बर्फाचे खडे टाकायचा उपाय बरेच जण सांगतात. त्याने मुळं गारठतात, रात्र गार होत नाही. तोरणमाळसारख्या उंचीवर हे रोप जमू शकेल. तापीकाठी मात्र उष्णता सोसणारी जात घ्या: पश्चिम घाटात झाडांवर वाढणारं, जाड पानांचं सिंबिडियम अॅलोइफोलियम (नर्सरीतलंच, जंगलातून उपटलेलं नाही), सुवासिक एन्सिफोलियम, किंवा त्याचा पिवळा संकर ‘गोल्डन एल्फ’. अॅलोइफोलियमचा तुरा खाली लोंबतो, म्हणून ते टांगायचं, आणि ते उन्हाळ्याच्या तोंडी फुलतं.

बुडातून काही वर आलं की ते फूल की पान? चिमटीत धरून बघा. पानाचा कोंब चपटा, कडक असतो आणि लवकरच टोकाला पंख्यासारखा उघडतो. फुलाचा दांडा गोल, पेन्सिलीसारखा असतो आणि दाबल्यावर टोकाशी किंचित पोकळ लागतो. हळू दाबा, मोडला तर त्या बल्बचं वर्ष गेलं. गोगलगाईही याच टोकावर असतात, रात्री बॅटरी घेऊन बघा. दांडा वीतभर झाला की काडीला सैल बांधा आणि कुंडी फिरवू नका.

फुलं उमलली की घरात आणायचा मोह होतो. आणा, पण पिकत घातलेल्या केळीच्या खोलीत नको. पिकणाऱ्या फळातून निघणाऱ्या इथिलीनने फुलाची खालची पाकळी लालसर होते आणि आठ आठवडे टिकणारं फूल काही दिवसांत मान टाकतं.

कुंडी दोन-तीन वर्षांनी, फूल संपताच आणि ऊन चढण्याआधी बदला. भरायला झाडाच्या सालीचे १०-१५ मिलिमीटरचे तुकडे, कोळसा आणि थोडे विटांचे खडे. माती अजिबात नाही. रोपाचे वाटे करताना प्रत्येकात किमान तीन पानवाले बल्ब ठेवा, त्याहून लहान वाटा फुलायला वर्षं घेतो. दर रोपानंतर सुरी जाळावर तापवून घ्या, नाहीतर विषाणू एका कुंडीतून दुसरीत जातो आणि त्यावर औषध नाही.