वेगळा प्रीॲम्प्लिफायर घेण्याआधी या चुका टाळा

स्टिरिओचा आवाज अशक्त वाटू लागला की वेगळा प्रीॲम्प्लिफायर (प्रीॲम्प, म्हणजे पॉवर ॲम्प्लिफायरच्या आधी साधन निवडणारे आणि सिग्नलची पातळी सांभाळणारे यंत्र) जोडावा, असे अनेकांच्या मनात येते आणि पहिली चूक तेथेच होते. पूर्ण आवाजाच्या वेळी सीडी प्लेअर साधारण २ व्होल्टचा सिग्नल देतो. स्पीकर चालवणारा पॉवर ॲम्प्लिफायर तो २० पट वाढवतो असे धरले, तर ८ ओहमच्या स्पीकरला ५० वॉट पुरवण्यासाठी लागणारे २० व्होल्ट केवळ १ व्होल्टच्या सिग्नलमधून मिळतात. म्हणजे हाती असलेला सिग्नल गरजेच्या दुप्पट आहे. हवी आहे ती फक्त तो कमी करण्याची सोय. आवाज तरीही कमी पडत असेल, तर दोष बहुधा स्पीकरच्या संवेदनशीलतेत (ठरावीक शक्तीवर तो किती मोठा वाजतो त्यात) किंवा ॲम्प्लिफायरच्या वॉटमध्ये असतो आणि तो प्रीॲम्पने भरून निघत नाही.

इंटिग्रेटेड, म्हणजे सगळे एकाच पेटीत असलेल्या ॲम्प्लिफायरमध्ये प्रीॲम्प आधीच असतो. त्याच्या ऑक्स इनपुटला (सीडी प्लेअरसारख्या साधनांच्या साध्या जोडणीला) आणखी एक जोडल्यास व्हॉल्यूमची दोन बटणे एकामागे एक येतात आणि खरखर तेवढी वाढते.

टर्नटेबलचा हिशेब मात्र अगदी वेगळा आहे. मूव्हिंग मॅग्नेट प्रकारचे कार्ट्रिज (सुईची थरथर विजेत बदलणारा भाग) सुमारे ३ ते ५ मिलिव्होल्ट देते, मूव्हिंग कॉइल प्रकारची बरीचशी कार्ट्रिजे त्याच्या दहाव्या हिश्शाएवढेच. शिवाय एलपी कापताना खर्ज दाबलेला आणि तार स्वर उचललेला असतो. तो तोल पूर्ववत करण्यासाठी आरआयएए नावाची ठरावीक दुरुस्ती लागते. हे काम फोनो प्रीॲम्पचे आहे, साध्या लाइन प्रीॲम्पचे नव्हे. या दोहोंची गल्लत करून महागडा लाइन प्रीॲम्प आणला, तर घरातल्या जुन्या नाट्यसंगीताच्या एलपी पूर्वीइतक्याच क्षीण आणि चिरक्या ऐकू येतात, याचे मनापासून वाईट वाटते. उलट, टर्नटेबलमध्येच फोनो प्रीॲम्प असताना त्याची तार ॲम्प्लिफायरच्या फोनो इनपुटला लावल्यास दुरुस्ती दोनदा होते आणि आवाज घुमणारा, फाटलेला येतो. अशा वेळी टर्नटेबलमागचा स्विच फोनोवर ठेवावा किंवा तार ऑक्सला लावावी. सतत गुणगुण येत असल्यास नवे यंत्र घेण्याआधी टर्नटेबलची अर्थिंगची (जमिनीशी जोडणारी) बारीक तार फोनो विभागाच्या स्क्रूला घट्ट बसली आहे का, ते पाहावे.

डॅक (डिजिटल सिग्नलचे ॲनालॉगमध्ये रूपांतर करणारे यंत्र) थेट पॉवर ॲम्प्लिफायरला जोडणे गैर नाही, पण त्यात व्हॉल्यूमची सोय हवी आणि सुरू होताना तो पूर्ण पातळीवर जाता कामा नये. तसे झाल्यास ट्वीटर (तार स्वर वाजवणारा छोटा स्पीकर) क्षणात जळू शकतो. व्हॉल्यूमची सोय केवळ पॅसिव्ह (सिग्नल न वाढवता फक्त कमी करणारी) असेल, तर ॲम्प्लिफायरकडे जाणाऱ्या तारा आखूड ठेवाव्यात. साधने अनेक असतील, त्यांच्यात व्हॉल्यूमची सोय नसेल किंवा पॉवर ॲम्प्लिफायर स्पीकरजवळ ठेवून लांब तारा ओढायच्या असतील, तर वेगळा लाइन प्रीॲम्प जरूर घ्यावा. मात्र प्रीॲम्पसह आणि प्रीॲम्पविना अशा दोन्ही जोडण्या ताडून पाहताना आवाजाची पातळी मीटरने मोजून समान करावी, कारण किंचित मोठा आवाज कानाला नेहमीच अधिक चांगला वाटतो.