जाळं आवळलं की घड्याळ बघा

तळ्यातले मासे काढायच्या दिवशी माझी एक नजर जाळ्यावर असते, दुसरी मनगटावरच्या घड्याळावर. गर्दी झाली की काही सेकंदांतच माशाच्या रक्तात ताणाचं संप्रेरक अ‍ॅड्रेनॅलिन उतरतं आणि कल्ले भराभर हलायला लागतात. ताणाचं दुसरं संप्रेरक, कॉर्टिसॉल, मागून येतं. ते चढायला काही मिनिटं लागतात, म्हणून रक्त तपासायचं असेल तर पकडल्यापासून 3 मिनिटांच्या आत सुई लावा. उशीर केलात तर मोजाल ती तुमचीच धरपकड. ताणाने रक्तातली साखरही वाढते; ती मोजणारा माणसांचा ग्लुकोमीटर माशाला नेमका आकडा देत नाही, पण दोन खेपांची तुलना करण्यापुरता चालतो.

खरं नुकसान धडपडीत होतं. उसळ्या मारणारा मासा पांढऱ्या स्नायूंच्या जोरावर पळतो, तेही प्राणवायूवाचून. प्राणवायूवाचून राबलेल्या स्नायूंत तयार होणारं लॅक्टेट साचतं, मांसातली आम्लता वाढते, ऊर्जेचा साठा संपतो. असा मासा मेल्यावर लवकर ताठतो. मी एकदा घाईत तेच तिलापिया दोनदा ओढले होते. मेलेला मासा अर्धा टेबलाच्या कडेबाहेर ठेवला की शेपूट खाली लोंबायला हवी. यांची तासाभरातच फळीसारखी सरळ उभी! तेव्हापासून ही परीक्षा प्रत्येक खेपेला करतो. तुम्हीही करा, फुकट आहे.

खाद्य आदल्या दिवशीच बंद करा. काढणी गारव्यात करा, पण इथे एक मेख आहे: तळ्यातला प्राणवायू पहाटेच सगळ्यात कमी असतो. त्यामुळे मी एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) रात्रीच लावतो, आणि लिटरला 5 मिलिग्रॅमच्या खाली आकडा असेल तर जाळ्याला हात लावत नाही. जाळं एकदम आवळू नका. थोडे थोडे मासे घ्या, हात ओले ठेवा, नाहीतर अंगावरचा बुळबुळीत थर निघतो.

जिवंत ठेवायचे असतील तर टाकीत लिटरला 5 ग्रॅम मीठ घाला. घाबरलेल्या गोड्या पाण्यातल्या माशाच्या कल्ल्यांतून क्षार बाहेर झिरपतात आणि पाणी आत शिरतं. मिठाने ती गळती कमी होते. समुद्री माशाचं गणित उलटं, त्याला हा उपाय नको.

निसटून तळ्यात राहिलेल्यांना मी दुसऱ्या दिवशी निम्मंच खाद्य टाकतो. तेही तरंगत राहिलं तर पुढची काढणी लांबवतो.