‘के’ म्हटल्यावर ‘नाइफ’ आठवेपर्यंत

स्क्रॅबल, म्हणजे अक्षरांच्या सोंगट्या पटावर लावून इंग्रजी शब्द करायचा खेळ, खेळायला लागल्यावर पहिले काही महिने मी सतत हरत होते आणि आपला शब्दसंग्रह तोकडा आहे असं समजत होते. मग एका डावात शेवटी हातात एकटा क्यू उरला. इंग्रजीत क्यूच्या मागे बहुधा यू लागतो, आणि चारही यू पटावर लागून गेलेले. कडेला एक आय मोकळा होता, त्याच्या आधीचं घरही रिकामं होतं. पण क्यू-आय हा शब्द, म्हणजे चिनी परंपरेतली प्राणशक्ती, चालतो हे मला ठाऊकच नव्हतं. जे 10 गुण मिळायचे ते उलट वजा झाले. त्या रात्री वही काढली आणि ठरवलं, आता हे नीट शिकायचं.

वहीत पहिला प्रयोग केला तो के अक्षराचा. सुचतील तेवढे शब्द लिहिले: काइट, किंग, बुक, मिल्क. अर्ध्या तासाने लक्षात आलं की यादीत नाइफ नाही, नी नाही, नॉट नाही, नॉक नाही. हे सगळे शब्द मला लहानपणापासून येतात. तरीही सुचले नाहीत, कारण मी ‘क’ हा आवाज शोधत होते. मराठीत आपण बहुतांशी जसं बोलतो तसं लिहितो, त्यामुळे आपलं डोकं शब्द कानावरून काढतं. इंग्रजी शब्दखेळात कान दगा देतो. न्यूमोनियाची सुरुवात पी ने होते, डाउटमध्ये बी लपलेला असतो, फोनमध्ये एफ नसतो. नव्याने खेळू लागलेल्यांना मी म्हणूनच हाच सराव आधी सांगते: एक अक्षर घ्या आणि ते लिहिलं जातं पण ऐकू येत नाही असे दहा शब्द शोधा. आठवडाभरात शब्द डोळ्यांसमोर लिहिलेले दिसायला लागतात.

त्यानंतर जागा. एखादं अक्षर शब्दात आहे का, एवढाच प्रश्न विचारला तर हाती ढीग लागतो आणि त्यातलं काहीच लक्षात राहत नाही. ते सुरुवातीला येतं, मध्ये येतं की शेवटी, असं विचारलं की ढिगाचे कप्पे होतात. ‘जे’ हे अक्षर शेवटी येणारे शब्द मोजके आहेत आणि त्यातले राज, ताज, हाज, स्वराज आपल्याला परके नाहीत. यू नसलेल्या क्यूचंही तसंच. फकीर, निकाब, कव्वाली हे शब्द इंग्रजीत क्यू घालून लिहिले जातात, आणि क्यूनंतर यू येत नाही. सोबत क्यू-ए-टी लक्षात ठेवा, पानं चघळतात ती वनस्पती. क्यूची भीती माझ्यापुरती या एका पानाने गेली.

एक्सबद्दल मला विशेष प्रेम आहे. 8 गुणांचं अक्षर, आणि दोन अक्षरी शब्द पाच: ए-एक्स, ई-एक्स, ओ-एक्स, एक्स-आय हे ग्रीक अक्षर आणि एक्स-यू हे व्हिएतनामचं जुनं नाणं. म्हणजे कुठलाही स्वर शेजारी आला की एक्स लागतो. दोन अक्षरी शब्दांची यादी सगळ्यात आधी पाठ करा. ते शंभराहून थोडे अधिक आहेत. रोज पाच केले तरी महिनाभरात होतात. पण कोश कुठला ते आधी ठरवा. अमेरिका-कॅनडात एक यादी चालते, बाकी बहुतेक ठिकाणी कॉलिन्स या इंग्रजी कोशाची. झेड-ओ हा शब्द कॉलिन्समध्ये आहे, अमेरिकी यादीत नाही.

लांब शब्दांसाठी मला उपयोगी पडलेली युक्ती म्हणजे हातातली अक्षरं ए ते झेड अशी ओळीने लावणं. ए-ई-आय-एन-आर-एस-टी असा क्रम दिसला की त्यातून रिटेन्स, रेटिनाज, नॅस्टियर निघतात. हातातली सातही अक्षरं एकदम लावली की वर 50 गुण मिळतात, म्हणून हा एक संच हातात धरून बसण्यासारखा आहे. वहीत डावीकडे क्रमाने लावलेली अक्षरं आणि उजवीकडे शब्द, अशा दोन रांगा करा. उजवी झाका आणि आठवा. जे अडतं ते उद्या पुन्हा, जे जमतं ते आठवड्याने.

अर्थ लक्षात ठेवावा का, यावर मतं वेगळी आहेत. न्यूझीलंडचे नायजेल रिचर्ड्स फ्रेंच बोलता येत नसतानाही 2015 मध्ये फ्रेंच स्क्रॅबलचे जगज्जेते झाले, तेव्हा अर्थावाचून अडत नाही हे खरं. माझं मात्र अडतं. नाणं म्हटलं की एक्स-यू चिकटतो. नुसती दोन अक्षरं गळून जातात.

अक्षरं देऊन शब्द शोधणारी साधनं मी वापरते, पण डाव संपल्यावरच. बऱ्याच साधनांत प्रश्नचिन्ह एका अक्षराच्या जागी आणि तारा (*) कितीही अक्षरांच्या जागी चालतो. म्हणजे एन-जी शेवटी असलेले सात अक्षरी शब्द हवे असतील तर पाच प्रश्नचिन्हं आणि पुढे एन-जी. शंभर उत्तरं येतात, त्यातली तीनच वहीत उतरवा, आणि तीही त्या दिवशी हातातून निसटलेली. डाव चालू असताना शोधलेला शब्द माझ्या तरी कधी लक्षात राहिला नाही.

वर्डल, म्हणजे लपलेला पाच अक्षरी इंग्रजी शब्द सहा प्रयत्नांत ओळखायचा ऑनलाइन खेळ, त्यालाही हेच जागेचं तंत्र पुरतं. पिवळा चौकोन सांगतो की अक्षर आहे पण इथे नाही. तेवढी जागा खोडायची आणि उरलेल्या चार तपासायच्या. फक्त एकच अक्षर दोनदा येऊ शकतं हे विसरू नका. माझ्या सहा संधी बहुतेक वेळा तिथेच संपल्या आहेत.

सध्या वहीत व्ही चालू आहे. दोन अक्षरी एकही शब्द नाही, शेवटी येणारे थोडे: लेव्ह हे बल्गेरियाचं 2025 पर्यंतचं चलन, रेव्ह, शिव्ह म्हणजे चाकू. पान अजून अर्धं रिकामं आहे.