जेट-स्कीत पाणी भरतंय? आधी कधी भरतं ते बघा

उभ्याने चालवायच्या जेट-स्कीच्या पोटात पाणी दिसलं की पहिला हात रेझिनच्या डब्याकडे जातो. तो आवरा. पुष्कळदा हल (गाडीचं फायबरचं कवच) शाबूत असतो आणि पाणी येतं ते हलला मुद्दाम पाडलेल्या भोकांतून: पंप फिरवणाऱ्या शाफ्टचं हाउसिंग, पंपाच्या तोंडाशी बसवलेला बूट (पंप-शू नावाचा भाग), राइड प्लेटचे (मागच्या तळाच्या पट्टीचे) बोल्ट, बिल्जची (तळाचं पाणी बाहेर काढणारी) नळी, एक्झॉस्टचं तोंड, हँडलपोलच्या ब्रॅकेटचे बोल्ट. काही वेळा तर ते बाहेरून आलेलंच नसतं, कूलिंगचा होज आतच गळत असतो. म्हणून चीर शोधण्याआधी पाणी नेमकं कधी शिरतं ते ठरवा.

नागपूरजवळच्या खिंडसी तलावावर गेलात तर एकाच सकाळी तीन चाचण्या होतात. प्रत्येकीआधी आतलं पाणी स्पंजने टिपून तळ कोरडा करा. पहिली: इंजिन बंद ठेवून गाडी काठाला अर्धा तास बांधून ठेवा. दुसरी: न पडता दहा मिनिटं चालवा. तिसरी: पाच-सहा वेळा मुद्दाम पाडा आणि मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या बाजूनेच सरळ करा. दर वेळी आतलं पाणी मगाने मोजा.

नुसती उभी असताना पाणी आलं, तर शाफ्ट, बूट, राइड प्लेटचे बोल्ट किंवा बिल्जच्या नळीतून उलटं ओढलं जाणारं पाणी (सायफन). चालवतानाच आलं, तर शाफ्टचं सील, एक्झॉस्ट किंवा कूलिंग. पाडल्यावरच आलं, तर हूडचं (इंजिनवरच्या झाकणाचं) रबर, हवेच्या नळ्या, पोलचे बोल्ट, नाही तर वरचा आणि खालचा साचा जोडणारा बंपरखालचा सांधा. पडापडीनंतर एखादा मग पाणी निघणं या गाड्यांना चालतं. नुसती बांधून ठेवलेली असताना मगभर आलं तर नाही चालत.

कूलिंगचा संशय घरीच फेडता येतो. फ्लशिंगच्या तोंडाला बागेची नळी लावा. इंजिन आधी सुरू करा, मग नळ सोडा. थांबवताना आधी नळ, मग इंजिन. क्रम उलटला तर एक्झॉस्टमधून पाणी सिलिंडरमध्ये जातं. दोन-तीन मिनिटं पुरेत. टॉर्च मारून प्रत्येक होज आणि क्लॅम्प बघा, फिरणाऱ्या कपलिंगपासून (इंजिन आणि शाफ्टचा जोड) हात आणि सैल कपडे लांब ठेवा.

आता नेमकी जागा. बॅटरी आणि पेट्रोलची टाकी काढा, हूड उघडून हल दिवसभर हवेला ठेवा. गाडी भक्कम स्टँडवर घ्या, बाहेरून कोरडी पुसा आणि सगळ्या सांध्यांवर टाल्कम पावडर भुरभुरवा. आत पाच सेंटिमीटर पाणी ओता, स्टार्टर मोटर बुडू देऊ नका. पाण्यात कपड्यांच्या निळीचे पाच-सहा थेंब टाका. तासाभरात पांढऱ्या पावडरीवर निळी रेघ उमटली की तिचं वरचं टोक ही तुमची जागा. रेघेच्या तळाशी डाग मोठा असतो आणि नजर तिथेच जाते; पण तिथे पाणी फक्त गोळा झालेलं असतं. पुढच्या भागासाठी मागची बाजू उचलून हेच पुन्हा करा.

या चाचणीत एक खोट आहे. शाफ्टच्या ऑइल सीलचा ओठ बाहेरचं पाणी अडवायला वळवलेला असतो, त्यामुळे आतून भरलेलं पाणी तो कधी सोडतो, कधी नाही. इथे काही दिसलं नाही म्हणून सील ठीक, असं धरू नका.

वरच्या सांध्यांसाठी हवा वापरतात. हूड बसवून कडेने चिकटपट्टी लावा, हवेची एक नळी सोडून बाकीच्या बंद करा, मोकळ्या नळीत व्हॅक्यूम क्लीनरची फुंकणारी बाजू सैलसर धरा आणि बाहेरून साबणाचं पाणी फवारा. पेट्रोलचा वास येत असेल तर मशीनला हात लावू नका, त्याच्या मोटरीत ठिणगी असते. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर तर अजिबात नको. १ पीएसआय म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ७० ग्रॅम. ८० बाय ४५ सेंटिमीटरच्या हूडवर हा भार अडीचशे किलो होतो. सांधा शोधायच्या नादात सांधा उकलेल.

दुरुस्तीत आधी स्वस्त कामं. बिल्जच्या नळीवर सर्वांत उंच जागी सायफन तोडणारं सुईएवढं छिद्र असतं. गाळाने ते बुजलं की उभ्या गाडीत पाणी उलटं ओढलं जातं. बारीक तारेने मोकळं करा. शाफ्टच्या सीलपाशी तळ्याचा बारीक गाळ सँडपेपरसारखं काम करतो. सील बदलताना शाफ्टवर नख फिरवा. नख अडकेल एवढी खाच असेल तर नवं सीलही गळणार. हाउसिंग सोडण्याआधी प्रत्येक शिम (फटीत घातलेली पातळ चकती) कुठून निघाला ते मार्करने लिहा, नाही तर अलाइनमेंट बिघडून कपलिंगचं रबर खाल्लं जाईल.

बूट आणि बोल्टांसाठी मरीन पॉलियुरेथेन सीलंट घ्या. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन नको. त्यातलं आम्ल ॲल्युमिनियम खातं, आणि त्याचा तेलकट थर राहिला की पुढे काहीच चिकटत नाही. जुनं सीलंट पूर्ण खरवडा, अ‍ॅसिटोनने पुसा, नव्याची सलग रेघ ओढा, बोल्ट हलकेच आवळा. सीलंट सुकल्यावर मग पूर्ण आवळा. आधीच कचकचून आवळलं तर सगळं बाहेर निघून येतं.

खरीच चीर निघाली तर एम-सील थापू नका. कूलरच्या टाकीला ते वर्षानुवर्षं टिकतं, पण टाकी लाटांवर आपटत नाही. चिरेच्या दोन्ही टोकांना ३ मिलिमीटरचं भोक पाडा, म्हणजे ती पुढे सरकणार नाही. मग कडा तिरक्या घासा, जाडीच्या बारापट: ४ मिलिमीटरच्या हलला दोन्ही बाजूंना पाच-पाच सेंटिमीटर. मास्क हवाच. काचेची धूळ अंगाला खाजवते आणि फुप्फुसात गेली तर त्रास देते.

बस-ट्रकचं फायबरकाम करणारे बहुधा पॉलिएस्टर रेझिन वापरतात. पण कारखान्यातून आलेल्या अनेक जेट-स्कींचा हल दाबसाच्यातल्या एसएमसीचा (शीट मोल्डिंग कंपाउंड, म्हणजे काचतंतू आणि रेझिनचं तयार मिश्रण) असतो आणि त्यावर पॉलिएस्टर नीट धरत नाही. एपॉक्सीच घ्या. सोबत विणलेलं किंवा बायअ‍ॅक्सियल कापड (दोन दिशांना धागे असलेलं) हवं. साध्या मॅटमधला बाइंडर (तंतू धरून ठेवणारा गोंद) एपॉक्सीत विरघळत नाही. ६०० जीएसएमचा (चौरस मीटरला ६०० ग्रॅमचा) एक थर साधारण पाऊण मिलिमीटर भरतो, म्हणजे ४ मिलिमीटरला पाच-सहा थर. पॉलिएस्टर वापरायचीच वेळ आली तर कोबाल्ट (रेझिन लवकर जमवणारं द्रव्य) आणि हार्डनर कधीही थेट एकत्र करू नका, भडका उडतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळा, मगच हार्डनर.

नागपूरचं ऊन इथे अर्धं मित्र, अर्धं वैरी. तापमान १० अंशांनी वाढलं की एपॉक्सी जमायचा वेळ साधारण निम्मा होतो. २५ अंशांना २५ मिनिटं देणारा माल मे महिन्यात ४५ अंशांना सहाच मिनिटं देईल आणि डब्यातच धुरेल. पहाटे पाचला काम धरा, एका वेळी १०० ग्रॅमच कालवा, आणि खोल डब्याऐवजी पसरट ताटलीत ओता. प्रमाण वजनकाट्यावर मोजा. पावसाळ्यात उलट अडचण: पृष्ठभागावर चिकट मेणचट थर येतो. पुढचा हात देण्याआधी तो साध्या पाण्याने आणि हिरव्या घासणीने धुवा, अ‍ॅसिटोनने नुसता पसरतो.

ऊन कामाला येतं ते हल वाळवायला. घासलेल्या जागेवर सकाळी पॉलिथिन चारही बाजूंनी चिकटवून उन्हात ठेवा. दुपारी आत दव दिसलं तर अजून ओल आहे. हलच्या आत तरंगण्यासाठी भरलेला फोम मात्र असा वाळत नाही. टाकीतलं पेट्रोल काढून गाडी भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवा, आणि मॅन्युअलच्या कोरड्या वजनाशी ताडा. आठ-दहा किलो जास्त भरली आणि जास्तीचं सामान बसवलेलं नसेल, तर फोम पाणी पिऊन बसलाय. तो कापून काढावा लागतो.

पाण्यात नेताना शाफ्टखाली, बुटावर आणि बिल्जच्या जोडापाशी वर्तमानपत्राचे कोरडे तुकडे चिकटवा आणि पुन्हा अर्धा तास बांधून ठेवा. पहिला भिजलेला तुकडा कोणता, तेवढं बघा.