नंदुरबारचा पिनकोड ४२५४१२ कागदावर फोडून बघा

मोठा आकडा दिसला की पोरं लगेच मोबाईल काढतात, पण खरं सांगतो भो, एकदा मूळ अवयव हातात आले ना की त्या आकड्याचं बाकी सगळं आपोआप बाहेर येतं. नंदुरबारचा पिनकोड घ्या, ४२५४१२.

शेवटचे दोन अंक १२, म्हणजे ४ ने भाग जाणारच. उरले १०६३५३. आता अंकांची बेरीज करा, १८ आली म्हणजे ९ ने जातो, उरले ११८१७, परत बेरीज १८, परत ९ ने भागा, आले १३१३. इथे भागाकार करत बसू नका, नुसतं बघा, १३ दोनदा लिहिलंय म्हणजे १३ × १०१. झालं, ४२५४१२ = २² × ३⁴ × १३ × १०१.

एकूण विभाजक किती ते काढायला प्रत्येक घातांकात १ मिळवायचा आणि गुणायचं, ३ × ५ × २ × २ = ६०. विभाजकांची बेरीज पण अशीच, (१+२+४) म्हणजे ७, (१+३+९+२७+८१) म्हणजे १२१, मग १४ आणि १०२, सगळ्यांचा गुणाकार १२०९५१६. आकड्याची दुप्पट ८५०८२४ च होते, बेरीज त्याच्याही वर गेली म्हणून हा अबंडंट नंबर.

मला सगळ्यात भारी वाटतं ते पुढचं. दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येईल का? नियम असा की ४ ने भागल्यावर ३ उरतात अशा मूळ संख्यांचा घातांक सम पाहिजे, आपल्याकडे तशी फक्त ३ आहे आणि तिचा घातांक ४, म्हणजे जमतं. १३ = ३² + २² आणि १०१ = १०² + १². आता जुन्या काळातले गणिती ब्रह्मगुप्त यांची युक्ती, अशा दोन बेरजांचा गुणाकार पण दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येतो: ३×१० + २×१ = ३२ आणि २×१० − ३×१ = १७, म्हणून १३१३ = ३२² + १७², चिन्हं उलटी केली की २८² + २३². उरलेला २² × ३⁴ = ३२४ म्हणजे १८², मग सगळ्यांना १८ ने गुणा:

५७६² + ३०६² = ४२५४१२
५०४² + ४१४² = ४२५४१२

पडताळा नक्की करा, ३३१७७६ + ९३६३६, बरोब्बर बसतं. आपल्या चाळीसगावजवळ पाटणला भास्कराचार्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा शिलालेख आहे, त्यांचे ग्रंथ शिकवायला मठ काढल्याचा, त्या मातीतल्या पोरांना हे आलंच पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

सगळेच पिनकोड असे सोपे नसतात हां. जळगावचा ४२५००१ घ्या, ३ ने जातो, उरतात १४१६६७, आणि मग शंभरच्या आतली एकही मूळ संख्या बसत नाही. अशा वेळी वर्गमूळाचा अंदाज घ्या, ३७६² = १४१३७६ आणि ३७७² = १४२१२९, म्हणजे १०१ पासून सुरू करून ३७३ पर्यंतच्या मूळ संख्या तपासल्या की बास, त्यापुढे जायची गरजच नाही.